ईशान्य कोपऱ्यातलं देवघर

माझ्या सासूबाईंना पसंत पडेल असं घर जगात नाही, हे मला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना शेगडी दक्षिणेला दिसली. आता त्या दीड महिन्यासाठी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, ब्रेडाला आल्या, तर पहिलं पाऊल टाकताच दाराशी टॉयलेट! डच घरांत ते तिथेच असतं, त्याला मी काय करणार? पण माई म्हणजे सोवळ्याओवळ्याचं हायकोर्ट. आल्या दिवसापासून त्या नाकाला पदर लावून, भिंतीकडे तोंड करून, तिरप्या चालीने घरात शिरत होत्या.

"या देशात देवाला कोपरा नाही आणि संडासाला मात्र मानाची जागा," असं त्यांनी माझ्या बायकोला, म्हणजे स्वातीला, सांगितलं. (माझ्या देखत, पण मी तिथे नसल्यासारखं. चौदा वर्षं ही पद्धत आहे.)

मला फार लागलं ते. मंगळवारी त्यांचं विमान होतं. त्याआधी एकदा तरी त्यांनी मला "बरं आहे हो" म्हणावं, एवढीच माझी माफक इच्छा होती. योगायोगाने शनिवारी माझी गाइड म्हणून पहिली फेरी होती.

गावाबाहेर, सायकलने वीस मिनिटांवर, एक छोटं जुनं बागेतलं घर आहे. कुणा साखरेच्या व्यापाऱ्याने उन्हाळ्यात राहायला घेतलेलं. मूळचं शेतकऱ्याचं घर, त्याला पुढून विटांचा रुबाबदार दर्शनी भाग चिकटवलेला, म्हणजे समोरून जहागीरदार आणि मागून गोठा. खिडक्या दोन्ही बाजूंना सारख्या दिसाव्यात म्हणून एक खिडकी चक्क भिंतीवर रंगवलेली. आतले संगमरवरी खांबही लाकडाचे, वरून संगमरवर रंगवलेला. हे घर पाहिल्यापासून मला तिथे फार आपलेपणा वाटत होता. माझाही दर्शनी भाग बरा आहे.

तिथे सगळे स्वयंसेवक डच आणि सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या प्रमुख इनेकेबाई. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांसाठी मराठीतून फेरी करतो असं मी त्यांना सुचवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, करून दाखव, भाषा कळली नाही तरी पाहुण्यांचे चेहरे मला वाचता येतात. चेहरे खूश दिसले की गाइडचा पितळी बिल्ला मिळणार होता.

शिकवणीच्या दिवशी बाईंनी आम्हाला खोलीन् खोली समजावली. मी दिवाणखान्याच्या नक्षीदार छतापर्यंत सगळं लिहून घेतलं. मागच्या बोळाशी आलो आणि ऑफिसचा फोन आला. क्लायंटकडचं आमचं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं. मी वीस मिनिटं बागेत फिरत लोकांना धीर देत होतो, आणि परतलो तेव्हा सगळे कॉफी पीत होते. राहिलेला बोळ विचारून घ्यावा असं मला वाटलं नाही. एका बोळात असून असून काय असणार?

शनिवारी बारा मराठी माणसं आली. माझी फेरी अप्रतिम चालली होती. रंगवलेली खिडकी पाहून मंडळी हसली, निळ्यापांढऱ्या टाइल्स पाहून हरखली. माईसुद्धा पदर नाकाचा खांद्यावर आणून ऐकत होत्या. आणि मग त्या मागच्या बोळात एका बारक्या दारापाशी थांबल्या.

"आणि हे काय हो?"

आत चिमुकली खोली. कमरेपर्यंत टाइल्स, भिंतीत दिव्याचा कोनाडा, उंचावर एवढीशी खिडकी. समोर भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी ओटा आणि त्याच्या मधोमध पाटासारखं गोल झाकण. माझी वही या विषयावर कोरी होती. आता आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की क्लायंटपुढे "माहीत नाही" म्हणायचं नाही. इकडे एके काळी काही लोकांना उघड प्रार्थनेची बंदी होती, ते घरातच गुपचूप करत, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं.

"देवघर," मी म्हणालो.

माईंनी खिडकीतून येणारं ऊन पाहिलं, बोटांवर दिशा मोजल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. ईशान्य कोपरा! जुनी माणसं कुठलीही असोत, शहाणीच असतात, असं त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. मग देव कुठे गेले म्हणून विचारलं. संग्रहालयात, मी सांगितलं. एकदा कोड चालू लागला की त्याला कोण हात लावतो?

माईंनी बाहेर चपला काढल्या. ते पाहून बाकीच्यांनीही काढल्या. पर्समधून खडीसाखरेची डबी निघाली. साखरेच्या व्यापाऱ्याचं घर म्हणून मंडळी त्या योगावर आणखी भारावली. माईंनी झाकणावर खडीसाखर ठेवली, बागेतलं एक फूल वाहिलं आणि झाकणावर डोकं टेकलं. स्वातीला फोटो काढायला लावला. मग तीच खडीसाखर सर्वांच्या हातावर ठेवायला सुरुवात केली.

एवढ्यात इनेकेबाई आल्या. त्यांनी आधी बारा जोड चपला-बूट पाहिले, मग रांग पाहिली. मला बाजूला घेऊन डचमध्ये शांतपणे विचारलं, "हे सगळे जुन्या संडासाच्या पाया का पडतायत?"

सहा-सहा वर्षं राहून आमच्या लोकांना डच येत नाही, याचा त्या क्षणी मला प्रथमच अभिमान वाटला. (अपवाद स्वाती. ती तोंडावर ओढणी धरून बागेकडे पळाली.) मी हात जोडले. त्या माझ्या सासूबाई आहेत, मंगळवारी जाणार आहेत, एवढंच बोललो. बाई म्हणाल्या, मी खोटं बोलत नाही. ते मला माहीत होतं. इकडे कुणीच बोलत नाही, हीच तर या देशाची अडचण आहे.

माईंनी त्यांनाही प्रसाद दिला आणि मला म्हणाल्या, "विचारा त्यांना, या घरातले लोक रोज येत का हो इथे?"

मी विचारलं. इनेकेबाईंनी त्या झाकणावरच्या फुलाकडे पाहिलं.

"रोज येत," त्या म्हणाल्या. "एकेकटे येत, दार लावून शांत बसत. आणि बाहेर पडताना प्रत्येकाला हलकं वाटत असे."

मी शब्दाला शब्द लावून मराठी केलं. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बरं घर दाखवलंत हो." मग माझ्या तळहातावर खडीसाखर ठेवली. मी खाल्ली. दुसरा मार्ग नव्हता.

बिल्ला मिळाला. त्यावर "सायकल पार्किंग" असं लिहिलं आहे. मी तक्रार केली नाही.

तो फोटो माईंनी मोठा करून घेतला. पुण्याला त्यांच्या देवघरात, बाळकृष्णाच्या उजव्या हाताला, तो चंदनी चौकटीत लावलेला आहे. गेल्या दिवाळीत गेलो, तेव्हा मी लांबूनच हात जोडून सरकत होतो.

"असं नाही, जावईबापू," माई म्हणाल्या. "डोकं टेकवा नीट. तुमच्यामुळेच तर दर्शन घडलं."

टेकवलं.