सातच्या बातम्यांतलं रडणं

रोज संध्याकाळी सात वाजले की आमच्या राहात्यात राहीबाई रडते. घरात भाकरी थापत असली तरी रडते, शिर्डीतलं फुलांचं दुकान आवरून एसटीत बसली असली तरी रडते. कारण ती रडते टीव्हीवर. आमच्या गावच्या केबल चॅनेलवर 'सायंदवंडी' नावाच्या बातम्या लागतात. त्या सुरू होण्याआधी भोंग्यांच्या आवाजात चॅनेलचं नाव झळकतं, त्याला ते लोक टायटल म्हणतात. त्या टायटलमध्ये राहीबाईचा चेहरा आहे. पदर घसरलेला, डोळे मिटलेले, तोंड उघडं. खाली अक्षरं येतात, 'आक्रोश जनतेचा'.

कसला जनतेचा? ते रडणं राहीबाईच्या लेकीच्या पाठवणीतलं आहे. मी तिथं होते. मी हुमेरा, तिची शेजारीण, शिवणकाम करते. ज्ञानेश्वरीचं लग्नातलं ब्लाउज मी शिवलं होतं आणि नवरीची गाडी सुटली तेव्हा राहीबाईला मीच धरलं होतं. नीट बघितलंत तर टायटलमध्ये तिच्या दंडावर माझा हात दिसतो, बांगड्यांसकट.

झालं असं की आमच्याकडे लग्नाचं शूटिंग करणारा आणि बातम्यांचं शूटिंग करणारा माणूस एकच असतो. त्याचं नाव कानिफनाथ. सकाळी कुणाची हळद, दुपारी कुठला अपघात, संध्याकाळी पुढाऱ्याचा सत्कार, सगळं एकाच कॅमेऱ्यात आणि एकाच कॉम्प्युटरात. चॅनेलचे मालक सूर्यभानशेठ यांना टायटलसाठी रडणारी बाई हवी होती. कानिफनाथनं कॉम्प्युटरात शोधली, सापडली, चिकटवली. राहीबाईला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पूर्वीचं टायटल किती साधं होतं. बासरी वाजायची, पेरूच्या बागा दिसायच्या, उसाची ट्रॉली जायची आणि साडी नेसलेली एक मुलगी नमस्कार करायची. मग मोठ्या चॅनेलांनी पृथ्वीचे गोळे फिरवायला सुरुवात केली, म्हणून शेठनंही गोळा आणला. बातमी राहात्याच्या गटारीची आणि फिरतेय अख्खी पृथ्वी. पुढं त्या गोळ्याला आग लागली, तलवारी खणखणायला लागल्या आणि आगीतून आमची राहीबाई बाहेर आली. आधी ती रंगीत होती. नंतर तिला लाल केली. नंतर काच फुटते आणि तुकड्यातुकड्यात ती रडते, असं केलं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा जुनी अक्षरं काढून 'अहिल्यानगर' लिहायला टायटल पुन्हा बनवलं. आम्हाला वाटलं, आता सुटली बाई. अक्षरं बदलली, गोळा बदलला, राहीबाई तिथंच. वर तिला चॅनेलच्या गाडीच्या दारावरही रंगवली.

तिच्या दुकानात हार घ्यायला येणाऱ्या अनोळखी बायका तिला ओळखायला लागल्या. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लेकरू कशानं गेलं म्हणून विचारलं. राहीबाईनं तिला हार बांधून दिला. घरी येऊन मात्र तिनं टोपली अशी आपटली की गल्लीभर फुलं झाली.

खरा घोळ झाला तो बातम्या मोबाईलवर दिसायला लागल्यावर. ज्ञानेश्वरीचं सासर मिरजगावचं. इथल्या बातम्या तिच्या सासूबाई तिथं बसून बघायला लागल्या. त्यातच ज्ञानेश्वरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. राहीबाईनं खाट विणून घेतली, मेथीचं आणि डिंकाचं सामान आणून ठेवलं. आणि विहीणबाईंचा निरोप आला, की ज्या घरची बाई रोज दिवेलागणीला कुणी मेल्यासारखी रडते, त्या घरी आमची दोन जिवांची सून येणार नाही. आधी ते रडणं बंद करा.

मला विहीणबाईंचा राग आला, पण शेठचा जास्त आला. आम्ही दोघी चॅनेलच्या ऑफिसात गेलो. शेठनं चहा मागवला. काकू, तुम्ही आमच्या चॅनेलचा चेहरा आहात, लोक अशा मानासाठी धडपडतात, असं म्हणाले. मानासाठी! राहीबाईनं चहाला हात लावला नाही. कानिफनाथ फरशीकडे बघत उभा होता. शेवटी शेठ म्हणाले, वर्धापनदिनाला नवं टायटल येतंय, या बघायला, तुमचं काम झालंच समजा.

वर्धापनदिनाला मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. कार्यक्रम चॅनेलवरही चालू होता. मोठ्या पडद्यावर नवं टायटल सुरू झालं आणि माझं डोकंच फिरलं. तोच चेहरा, तेच रडणं. आता त्यावर कॉम्प्युटरनं पाऊस पाडला होता आणि डोळ्यांतलं पाणीही वाढवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शाल आणि नारळ देऊन सत्कार करायला राहीबाईचं नाव पुकारलं.

ती गेली. शाल तिनं खुर्चीवर ठेवली, नारळ शेठच्याच हातात दिला आणि माइक ओढून घेतला. कॅमेऱ्याकडे बोट करून ती बोलली, "हे रडनं माझ्या लेकीच्या लग्नातलं हाय. माझी लेक जिती हाय. तिच्यावर रोज सांजंला रडायचं मी कुनाला सांगितलं न्हाई. काढा ते."

शेठ हसतच कानिफनाथला कॅमेरा बंद करायच्या खुणा करत होते. एवढे दिवस खाली मान घालून उभ्या राहिलेल्या त्या माणसानं त्या दिवशी मात्र खुणेकडे बघितलंच नाही. राहीबाई माइक ठेवून खाली उतरेपर्यंत त्यानं कॅमेरा तिच्यावरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विहीणबाईंचा फोन आला. सुनेला न्यायला या म्हणाल्या. कार्यक्रम त्यांनी मोबाईलवर बघितला होता. ज्ञानेश्वरी घरी आली.

ती आली त्याच आठवड्यात टायटल पुन्हा बदललं. रडणं गेलं. त्या जागी बोट रोखून बोलणारी राहीबाई आली, मागं आग, आणि खाली अक्षरं, 'संताप जनतेचा'. तिचा आवाज काढून टाकला होता. तोंड तिचं हलतं आणि ऐकू येतात ते भोंगे. मी कात्री हातात घेऊनच उठले, आता त्या ऑफिसची एक वायर जागेवर ठेवत नाही म्हणाले. राहीबाईनं मला धरून खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ते त्यांनी चोरलं हुतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोललीय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टायटल लागलं तेव्हा ती चुलीपाशी होती. पडद्यावर तिचे ओठ हलायला लागले तशी ती तिथूनच, त्या ओठांच्या बरोबरीनं, खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी लेक जिती हाय." खाटेवर पाय पसरून बसलेली ज्ञानेश्वरी पोट धरून हसत होती.

आता हे रोज चालतं. समोरच्या घरातल्या बायकाही म्हणतात, मीही मशीन थांबवून म्हणते, आणि सगळ्या मिळून आम्ही त्या भोंग्यांवर आवाज चढवतो. शेठचं घर आमच्या गल्लीच्या मागंच आहे. ऐकू जात असणार.