संत्रा बर्फीचा चहा

मागच्या हिवाळ्यात माझी भाची काटोलहून बसने आली तेव्हा तिच्या पिशवीत काचेच्या बरण्या खणखणत होत्या. तिच्या सासरी संत्र्याची बाग आहे. साली वाळवायच्या, त्यात गवती चहा, तुळस, वेलची, जायफळ घालायचं आणि नागपुरातल्या ओळखीच्या घरांमध्ये विकायचं, असा तिचा उद्योग. चहापत्ती त्यात नावालाही नसते. दर मोसमात काहीतरी नवं करते. या खेपेला संत्रा बर्फीच्या चवीचा चहा होता.

"मावशी, पहिले तूच पिऊन सांग," कप माझ्या हातात देत ती म्हणाली. "बाकी सारे मले चांगलंच म्हणतात. तू खोटं नाही बोलत."

मी कपात बघत राहिले. हिला काय सांगणार होते? मला वासच येत नव्हता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही आजारी पडलो. ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ते परत आले नाहीत. मी घरातच बरी झाले, पण नाक गेलं ते गेलंच. गोड, आंबट, खारट, तिखट एवढंच जिभेला कळायचं. दूध नासलंय का ते उकळून बघायचे, फोडणी रंगावरून ओळखायचे. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर 'कधीपासून?' असं विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं.

मी घोट घेतला. गरम, थोडं आंबट, थोडं गोड. दुसराही तसाच. तिसरा घोट गिळताना घशाच्या मागून काहीतरी वर आलं. संत्र्याची साल दाबली की बारीक फवारा उडतो, तो थेट डोळ्यांत गेल्यासारखं झालं. मग वेलची. मग खव्याचा तो जड, किंचित भाजका वास. खवा त्यात नव्हताच, पण मला तो आला. मी कप खाली ठेवला.

"काहून वं मावशी? जायफळ जास्त झालं का?"

मी मान हलवली. चहाच्या मागोमाग घर आलं. पुसलेल्या फरशीचं फिनाइल, भिंतीची ओल, देवापुढचा कापूर. आणि त्या सगळ्यांच्या मागून बाम. ह्यांचे गुडघे दुखायचे. रोज संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून, पायजमा वर सारून ते बाम चोळत बसायचे. आतल्या खोलीतून तोच वास येत होता, ताजा, आत्ता डबी उघडल्यासारखा.

"तुले बामचा वास येते का?" मी विचारलं.

भाचीने नाक वर करून हुंगलं. "नाही गं. मले तं संत्र्याचाच येऊन राहिला."

मी उठून आत गेले. पलंग नीट आवरलेला होता. बामची डबी घरात असणं शक्यच नव्हतं. ह्यांच्यानंतर मुलाने गादी टाकून दिली होती, कपडे वाटून टाकले होते, जंतुनाशकाने खोली दोनदा पुसून घेतली होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नाकच नव्हतं तर काय राखून ठेवायचं? आता मात्र मी वेड्यासारखं कपाट उघडलं, उशा हुंगल्या, दाराचा पडदा तोंडाशी धरला. कशालाच ह्यांचा वास नव्हता, आणि तरी खोलीत बाम दरवळत होता.

शेवटी माळ्यावर ह्यांचं हेल्मेट सापडलं. स्कूटर विकली तेव्हा ते राहून गेलं होतं. त्यात तोंड घातलं. बाम नव्हता. आंबूस घाम, धूळ, आणि केसांना लावायच्या मेंदीचा ओलसर वास होता. महिन्यातून एकदा वर्तमानपत्र अंगाखाली पसरून हे मेंदी लावत. मी ते पार विसरले होते. मला जे आठवत होतं ते खोलीत फिरत होतं, आणि जे खरं उरलं होतं ते मला आठवतसुद्धा नव्हतं. मी जमिनीवर बसले आणि हेल्मेट मांडीत घेऊन रडले.

भाची दारात उभी होती. तिला मी सगळं सांगितलं, नाकापासून दवाखान्यापर्यंत. मग माझ्याजवळ बसून तिनेही हेल्मेट नाकाशी नेलं.

"मेंदी," ती हळूच म्हणाली. "काकाजींचीच."

नंतर मुलालाही सांगितलं, त्याने डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असं होतं, वासाच्या नसा हळूहळू जाग्या होतात. कधी नसलेले वासही येतात, घाबरू नका. मी घाबरले नव्हते. आता बरेचसे वास परत आलेत. मी भाचीला जायफळ कमी करायला सांगितलं, तिने केलं, आणि यंदा चहा बरा खपतोय म्हणे.

बाम मात्र अजून येतो. रोज नाही. आठवडा कोरडा जातो, आणि मग एखाद्या संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास आतल्या खोलीतून येतो. मुलगा फोनवर विचारतो, "अजून येतो का तो वास?" मी नाही म्हणते. तो थांबावा असं मला वाटतं की नाही, हे मलाच ठरवता आलेलं नाही.

परवा मी ज्वारीचं पीठ मळत होते. वास आला. हात तसेच पिठात ठेवून मी आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि मोठ्याने विचारलं, "आज फारच दुखून राहिले का पाय?"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी पिठाचा गोळा मळून घेतला. मग तवा ठेवला.