कार्य १, कार्य २

आमचा संदेश मुळात वाईट नाही हो, पण भारी घाईचा. देवरुखात आमचं मांडव-भांडी भाड्याने द्यायचं दुकान. बाहेरची कामं तो बघतो, गल्ल्यावर मी बसते, त्याची थोरली बहीण सगुणा. गेल्या वर्षी त्याने मोबाइलवर एक सोय केली. भांडी परत आली की यादीतलं एक नाव निवडायचं, मग गिऱ्हाइकाला मेसेज आपोआप जाणार. लग्नघराला एक, तेराव्याच्या घराला दुसरा. आणि नावं काय ठेवली शहाण्याने? ‘कार्य १’ आणि ‘कार्य २’!

"मेल्या, आपल्याकडे लग्न पण कार्य नि तेरावं पण कार्य. नीट नाव दे की!" मी बोलले.

"ताई, मला कळतं ना कुठलं काय ते."

कळतं म्हणे, कपाळ!

ऐन लग्नसराईत रघूकाका गेले. जन्मभर त्यांनी आमचे मांडव बांधले, बांबूला गाठ मारायला संदेशला त्यांनीच शिकवलं. तेराव्याला भांडी आमचीच गेली. संदेश मात्र गणपतीपुळ्याच्या एका मोठ्या लग्नात अडकलेला. तिथूनच त्याने घाईत नाव निवडलं. रघूकाकांच्या बायकोच्या, यमुनाकाकींच्या फोनवर मेसेज पोचला. त्यांच्या लेकीने, राहीने, तो सांत्वनाचा समजून चार माणसांत मोठ्याने वाचला: ‘मंगलकार्याबद्दल हार्दिक अभिनंदन! पुन्हा सेवेची संधी द्या.’

पुन्हा संधी! राहीचा फोन आला तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संदेशला मी आधी यथेच्छ झापलं, मग त्याचं तोंड बघून आवरतं घेतलं. "ताई, काकांच्या घरी मी अभिनंदन पाठवलं गो," एवढंच बोलत होता. मग बसून नावं बदलली: ‘लग्नघर – अभिनंदन’, ‘दुःखाचं घर – सांत्वन’. आता आंधळासुद्धा चुकणार नाही. तेवढं करून आम्ही काकींकडे गेलो.

काकी पडवीत बसल्या होत्या. संदेशने त्यांचे पाय धरले.

"काकी, चुकलो. दोन्ही मेसेजांची नावं सारखीच होती. आता बदलली. तुम्हाला खरं तर हा यायचा होता," असं म्हणत येडा फोन पुढे करून दुसरा मेसेज दाखवायला लागला.

काकींनी फोन बाजूला सारला. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चुकीचा आला म्हणून धावत आलास," त्या म्हणाल्या. "बरोबर आला असता, तर आला असतास रे?"

संदेशने फोन खिशात घातला. त्याची बाजू घ्यायला गेलेली मी, पण मलाही ठाऊक होतं: नसता आला.