शिकलेल्या माणसाचा अंगठा

जानकीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात ऑडिटसाठी आलेल्या पाहुण्यांसमोर फायली उघडून बसलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, वैशालीचा. "सर, आई गेली. सकाळी." एवढंच बोलली. त्याआधी आठवडाभर त्या दवाखान्यात होत्या आणि ऑडिट उरकलं की जाऊन येतो, असं मी रोज स्वतःला बजावत होतो. ऑडिट छान पार पडलं. मला एक वाईट शेराही मिळाला नाही... आणि त्या दिवशी त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

जानकीताई धसईजवळच्या एका पाड्यातल्या. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात त्या काचा धुवायच्या. आम्ही आरसे बनवतो, पण घरातले नव्हेत. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, म्हणून त्यावर कितीही बोटं उमटवा, फडकं मारलं की झालं. आमचे आरसे प्रयोगशाळेतल्या यंत्रांत बसतात आणि त्यांचा मुलामा काचेच्या पुढच्या अंगाला असतो, उघडा. एका बंद पिंपातली हवा ओढून घ्यायची, चिमूटभर आर्गन वायू सोडायचा आणि वीज लावायची. वायूचे कण धातूच्या तबकडीवर आदळतात, धातूचे अणू उडतात आणि समोरच्या काचेवर जाऊन बसतात. याला स्पटरिंग म्हणतात. थर केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. मी वीस-बावीस वर्षांपूर्वी कल्याणहून इथे नवा इंजिनिअर म्हणून आलो, तेव्हा फळ्यावर आकृत्या काढून हे सगळं काचा धुणाऱ्या बायकांना समजावलं होतं. अर्धा तास बोललो असेन. जानकीताईंनी शेवटी विचारलं, "म्हंजे सर, अंगण झाडल्याबिगर सडा घालायचा नाय, एवढंच ना?"

एवढंच होतं. पण ते एवढंसं कळायला मला पुढे बराच काळ लागला. मुलामा टिकतो की सोलवटून निघतो, हे यंत्रापेक्षा काच किती स्वच्छ आहे यावर ठरतं. जानकीताई प्रत्येक खेपेतली एक काच कडेने धरायच्या आणि तोंडाजवळ नेऊन तिच्यावर "हाः" करायच्या. वाफ सगळीकडे सारखी धरली तर काच चांगली. कुठे ठिपका राहिला, तर सगळी खेप पुन्हा धुवायला. माझ्याकडे त्यासाठी मोजमापाची उपकरणं होती. ती आणि त्यांची फुंकर यांच्यात वाद झाला, तेव्हा उपकरण तोंडावर पडलं. बाकीच्या बायका यावरून मला चिडवायच्या आणि मी चिडायचोही. पहिल्याच आठवड्यात फुटक्या काचेने माझा अंगठा उभा कापला गेला होता, तेव्हा हळद दाबून चिंधी बांधली ती जानकीताईंनीच. "सर, काचेला हात लावायचा आसंल तर मोजं घाला." मी हसलो. हातमोजे घाला म्हणून बायकांना ओरडणारा मी, स्वतः मात्र उघड्या हाताने धुतलेल्या काचा उचलून उजेडात धरून बघायचो. साहेब ना आम्ही!

मग एकदा गिऱ्हाइकाने अख्खं खोकं परत पाठवलं. मुलाम्यावर चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रे निघत होते. कारखान्याचे मालक, आमचे शेठ, भडकले. सगळ्यांना उभं करून विचारलं, "धुतलं कोणी?" जानकीताईंनी खोक्यातली एक काच कडेने उचलली, खिडकीकडे धरली, बराच वेळ पाहिली. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. मला काहीच कळलं नव्हतं, निदान तेव्हा तरी. "माझ्याकडनं ऱ्हायलं, शेठ," त्या म्हणाल्या. शेठनी त्यांना धुण्यावरून काढून पॅकिंगला बसवलं. ज्या कामावर त्यांचा जीव होता ते काम सगळ्यांसमक्ष हिसकावून घेतलं.

संध्याकाळी एसटीची वाट बघत उभ्या असताना त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि पिशवीतून तीच काच काढली. "सर, ह्यो अंगठा बघा." मुलाम्याखाली स्वच्छ ठसा होता आणि त्याच्यावरून उभी रेघ गेलेली. माझ्या जखमेचा व्रण. हाताचा तेलकटपणा काचेला लागला होता, त्यावर धातू बसला होता आणि बसल्या जागी सुटला होता. बायकांपैकी निम्म्या अजून हजेरीवहीत अंगठा उठवायच्या. पण अख्ख्या कारखान्यात पकडला गेला तो सगळ्यात शिकलेल्या माणसाचा अंगठा.

मी कसंबसं विचारलं, "मग मघाशी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुमीच बोलाल."

रागाने नव्हत्या म्हणाल्या. खरंच तसं वाटलं होतं त्यांना. एसटी आली, त्या गेल्या, आणि मी दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनबाहेर जाऊन परत फिरलो. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं, नोकरी नवी होती... कारणं काय, हवी तेवढी सापडतात. चार महिन्यांत दुसऱ्यांच्या हातून धुतलेल्या काचांच्या तक्रारी वाढल्या आणि शेठनी जानकीताईंना मुकाट्याने परत धुण्यावर बोलावलं. आल्या त्या दिवशी पहिलं काय केलं असेल तर मला साबणाने हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, लहान पोराचे धुवावेत तसे. त्यानंतर तो विषय त्यांनी कधीही काढला नाही. मीही नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात सांगायचं पक्कं ठरवून गेलो होतो. माइक हातात आल्यावर त्यांच्या कष्टाळूपणाबद्दल बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या.

दहाव्यानंतर एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. बाहेर भाताच्या आवणात बायका लावणीला वाकल्या होत्या, घरात वैशाली एकटीच होती. मी बसलो न बसलो तोच तिने चहा आणून पुढे ठेवला. म्हटलं, "वैशाली, चहा राहू दे. आधी मला एक सांगायचंय." आणि सांगून टाकलं. खोकं, अंगठा, शेठ, माइक, सगळं.

"आमाला माहीत होतं सर," ती म्हणाली. "आई बोलायची, सर सांगायला येतील एक दिवस. आले की तेंना ओशाळं करू नको, पयला चहा दे."

"कधी म्हणाल्या असं?"

"लय वेळा. शेवटचं दवाखान्यात बोलली. सरांना जरा टाइम लागतो, पण येतील."

मला रडू आलं. मी रडलो. वैशालीने पदराने डोळे पुसले आणि कपाकडे बोट दाखवलं. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो, आणि तिने न विचारता दुसरा ओतला.