चार गुहा आणि एक स्पेसबार

कारापूरहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी.

"अगो, आपलो खेळ गावलो! इंटरनेटार आसा. आयताराक ये."

तुयेच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासते. खराब निघेल तो बाजूला काढते. सुट्टीच्या दिवशी तरी हे काम नको वाटतं. पण ताईचा आवाज असा की जणू घरात कोणी जन्माला आलंय. धारगळहून स्कूटर काढली आणि गेले.

हा खेळ मामाने आखातातून आणलेल्या कॉम्प्युटरवरचा. कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला जोडायचा एक जाडजूड कीबोर्ड. खेळ कॅसेटवर. खेळ सुरू होण्याआधी ती टेपवर दहा मिनिटं किंचाळायची आणि मेजाला कोणाचा धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही त्याला विज्ञान म्हणत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे राहायला जायचे ती त्याच्यासाठी. ताई बाणाची बटणं सांभाळायची. माझ्याकडे एकच काम, स्पेसबार. ती "उडी!" म्हणून ओरडली की मी दाबायचे. माणूस गुहेतल्या सापावरून पलीकडे जायचा आणि माझी छाती फुगायची.

जेवण झाल्यावर ताईने लॅपटॉप उघडला. कॅसेट नाही, किंचाळणं नाही, खेळ क्षणात हजर. काळ्या पडद्यावर चार रंग. माणूस म्हणायचा तो सात-आठ चौकोनांचा ढीग. साप म्हणजे वाकडी रेघ. संगीत ऐकून तर मायक्रोवेव्हमधलं जेवण तयार झालं असं वाटलं. यासाठी मी कैऱ्या, नदी आणि रानातली करवंदं सोडून घरात बसले होते!

"तू खेळ," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

साप आला. मी स्पेसबार दाबला. माणूस मेला. परत दाबला, परत मेला.

"उडी वरच्या बाणार आसा," ताई शांतपणे म्हणाली.

"मगे स्पेसबारान काय जाता?"

"कायच नाय."

"मगे मी इतकी वर्षां काय दाबत होतंय?"

"तुका गप बसवूक कायतरी दिवक नको?"

मामी आतून हसली. तिलाही ठाऊक होतं!

मी लॅपटॉप ताईकडे सरकवला. तिची बोटं अजून चालत होती. पहिली गुहा, दुसरी, तिसरी, चौथी. मग पुन्हा पहिलीच, फक्त साप जरा घाईत.

"राजवाडो खंय?" मी विचारलं.

"कसलो राजवाडो?"

सुट्टीत आम्ही कायम चौथ्या गुहेतच मरायचो. सुट्टी संपून मी धारगळला परतले की ताई मला पत्रं लिहायची. पाचव्या गुहेनंतर राजवाडा लागला, त्यात सात मजले, तळमजल्यावर दातदुखीने बेजार राणी, तिच्या उशीखाली किल्ली. मी ती पत्रं शाळेत वाचून दाखवली होती. एका मुलीने खोटं म्हटलं म्हणून तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

"चारच गुहा गो. तू दर पत्रात विचारायचंस, पुढे काय, पुढे काय. मी लिवलंय कायतरी."

म्हणजे खेळ करणाऱ्यांनी चार चित्रं काढून हात झटकले आणि बाकीचा खेळ सातवीतल्या एका मुलीने निळ्या शाईत लिहिला. दोन्हींत तिचाच भाग बरा होता, हे मी तिला सांगितलं नाही. त्या शाळेतल्या मुलीची माफी मागायला हवी हे मात्र लख्ख कळलं. ती आता कुठे असते, ठाऊक नाही.

जुने खेळ किती निर्मळ होते म्हणून उसासे टाकणारे आमच्या कारखान्यातही आहेत. त्यांना मी तासभर या गुहेत बसवीन. निर्मळ कसले, रिकामे. आणि आम्ही त्याहून रिकामटेकडे.

"दुसरो एक गाडयेचो आसा, तो बघूया?" ताईने विचारलं.

"च्या कर," मी म्हटलं.

चहा झाला, मामीच्या गुडघ्यांवर बोलणं झालं, उजेड असताना मी घरी पोहोचले. ताई अजून खेळते. परवा तिने मला स्वतःच्या स्कोअरचा फोटो पाठवला. मी बघितला आणि फोन पालथा ठेवला.