अक्काला दिलेलं माझं बाळपण

मी मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मग लपवायचं कशाला? आणि मत्सर केला तो काही शेजारणीच्या पाटल्यांचा नाही, बहिणीच्या आजारपणाचा केला.

पोलीस ॲक्शन होऊन जुनं राज्य गेलं, त्याला तीनेक महिने झाले होते. वडिलांची तालुक्याच्या गावाहून बदली झाल्यापासून आम्ही काचीगुड्यात दोन खोल्यांत राहत होतो. दफ्तरात उर्दू टिपणं लिहिण्यात वडिलांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आता साहेब बदलले म्हणून चाळिशीत ते इंग्रजीचा कित्ता गिरवत बसायचे आणि आमच्यावर चिडायचे. अशात अक्काला मुदतीचा ताप आला. ती चौदा वर्षांची, मी अकरा. ताप एकविसाव्या दिवशी उतरायचा तो महिनाभर राहिला, डोक्यात गेला, आणि उतरला तेव्हा अक्का माणसं विसरली होती. वेणी घालता येत होती, उर्दूचं पुस्तक घडाघडा वाचत होती, पण वडील आत आले की परका माणूस आल्यासारखी उठून उभी राहायची. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही कुणाची मुलगी?"

गौलीगुड्याहून डॉक्टर यायचे. ते म्हणाले, "तिला जुनं सांगत राहा. आठवलं तर आठवलं, नाहीतर निदान माहीत तरी होईल."

झालं! आईला तेवढंच हवं होतं.

आमची आई तशी बोलकी नव्हे. कामाला वाघ, पण लाड करायला वेळ नाही. त्यातून तापाआधी तिचं नि अक्काचं सूत नव्हतं. अक्का तिला हाकच मारायची नाही. काही हवं असलं तर समोर जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, तोरा आहे बाईंचा. आता मात्र दिवसातून चाळीस वेळा 'आई, आई' चाललेलं, आणि आई प्रत्येक हाकेला हातातलं टाकून धावायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी बोलायला लागल्यापासून 'आई' म्हणत आले होते, माझ्यासाठी कधी चूल सोडली नव्हती तिने.

दुपारी जेवणं आटोपली की आई अक्काचं डोकं मांडीवर घ्यायची, खोबरेल चोळायची आणि सांगायला लागायची. मी उंबऱ्याशी चिंचोके खेळत ऐकायची.

"तू आजोळी झालीस. सुईण वेळेवर आली नाही, शेजारची तेलीण धावली. बारशाला पाळण्याची दोरी तुटली, तरी तू जागीसुद्धा झाली नाहीस. बोंडल्यानं दूध पाजायला गेलं की तोंड फिरवायचीस. कावळा दाखवला की मग प्यायचीस."

माझे चिंचोके हातातच राहिले. पाळण्याची दोरी माझ्या बारशाला तुटली होती. तेलीण माझ्यासाठी धावली होती. कावळा बघून दूध पिणारी मी! या गोष्टी आईने मला सगळ्या मिळून तीन-चारदा सांगितल्या असतील, त्याही मी आजारी असताना आणि घाईघाईत. मी त्या घोकून ठेवल्या होत्या. आणि इथे त्या दुसरीच्या केसांतून बोटं फिरवत, तिखटमीठ लावून, अगदी निवांत सांगणं चाललं होतं.

"आई, ते माझं आहे," मी म्हटलं.

"तुला काय आठवायलंय? खामखा मध्ये बोलू नको."

दुसऱ्या दिवशी शेगडीची गोष्ट निघाली. रांगत जाऊन शेगडीला हात लावला, तळहातावर केवढा फोड आला. अक्काने उठून आपले दोन्ही तळहात पाहिले. "डाग कुठाय, आई?"

"तापात तुझी सगळी कातडी निघाली. त्यातच गेला असेल."

डाग माझ्या उजव्या तळहातावर होता. आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दटावणार. पण ती विनवत होती. आईने मला तोवर कशासाठीच विनवलं नव्हतं. मी मूठ मिटली.

सकाळी अक्का न्हाणीत गेलेली बघून मी आईला चुलीपाशी गाठलं. "अक्काचं स्वतःचं काही नाही का? सगळं माझंच कशाला देतेस?"

आईचे भाकरी थापणारे हात थांबले. "माझ्यापाशी एकाच लेकराचं बाळपण आहे गं. दुसरं कुठून आणू?"

मग तिने सांगितलं. अक्का तिच्या थोरल्या बहिणीची. बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली, तिच्या नवऱ्याने पुन्हा लग्न केलं, आणि चार वर्षांची अक्का आमच्या घरी आली. मी तेव्हा वर्षाची होते. अक्काला स्वतःची आई आठवायची. "दहा वर्षांत मनापासून आई म्हटलं नाही तिनं मला. आता म्हणायली, तर मी नको म्हणू होय? माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. तिला सांगायचं नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. आई माझी एकटीची होती! तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी पुन्हा अक्काचं डोकं त्या मांडीवर, आणि माझा जळफळाट दुप्पट. एवढे दिवस निदान वाटायचं, थोरली लेक आहे. आता तेही राहिलं नाही.

एका वाक्यात सगळं संपवता आलं असतं. एकदा अक्का माझी वेणी घालत होती. आई बाहेर गेलेली. मी म्हटलं, "अक्का, तुला एक सांगू?"

"हौ, सांग की. पण आधी मला सांग, मी तुला मारायची का गं?"

"नाही," मी म्हटलं. "कडेवर घेऊन फिरायचीस." हे खरं होतं. मग पुढचं वाक्य काही तोंडातून निघेना. मी मोठ्या मनाने गप्प बसले असं कुणी समजू नये. आईला कळलं तर ती मला दूर लोटेल, याची भीती होती.

अक्काला जुनं काही आठवलं नाही. तिचं लग्न मलकपेठेत झालं. तिने तिच्या मुलांना तेलीण सांगितली, कावळा सांगितला. सगळे हसायचे, मीही हसायची. आणि घरी येऊन माझ्या मुलांवर विनाकारण खेकसायची.

आई ऐंशीची झाली तेव्हा अक्काकडेच होती. तिचं विसरणं सुरू झालं होतं. एका दुपारी मी भेटायला गेले, तर तिने अक्कालाही जवळ बसवलं.

"आता मी जायची, म्हणून सांगून टाकते," ती अक्काला म्हणाली. "ही माझ्या थोरल्या बहिणीची. चार वर्षांची असताना आली आपल्याकडे. मी कधी दुजाभाव केला नाही. पण हिनं मला मनापासून कधी आई म्हटलं नाही."

आणि बोट माझ्याकडे होतं.

अक्काने मला घट्ट धरलं. ती रडायला लागली. "म्हणून काय झालं? तू माझी सख्खीच आहेस. फिकीर करू नको." माझी समजूत घालत होती, माझी! सगळं खरं माझ्या ओठांवर आलं होतं. शपथ घालणारीच शपथ विसरली होती, मग मला कोण अडवणार होतं?

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. वाट बघत होती.

"आई," मी म्हटलं.

तिचा चेहरा जसा फुलला, तसा माझ्यासाठी जन्मात कधी फुलला नव्हता. अक्काचा हात हलवून ती म्हणाली, "बघ गं, म्हणाली."