कॅरीतला तान्हा पोळा

घराला कुलूप लावलं तेव्हा शेजारची कमलाबाई अंगणात उभी होती. उमरेडला तिची आणि आमची भिंत एकच. माझा मुलगा गजू गाडीत बॅगा टाकून सारखा घड्याळ बघत होता, नागपूरहून विमान होतं. गजूची आई जाऊन दोन महिने झाले होते. पुढच्या दाराची, मागच्या दाराची आणि सायकलच्या दुकानाची अशा तिन्ही चाव्या मी दोरीत ओवून खिशात टाकल्या. कमलाबाई म्हणाली, "भाऊजी, वर्ष होईस्तोवर सण नका करू. पहिला सण आला की घरी कढई नका चढवू. गोडाचा डबा मी पाठवीन."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच समजलं की तिचा डबा काही अमेरिकेला पोचत नाही. तिने तोंडाला पदर लावला. मी गाडीत बसलो.

हे मी उमरेडच्या माझ्या माणसांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे म्हातारे पोरांच्या मागे इकडे आले त्यांच्यासाठी. मी सातवी शिकलो. सायकलींचे पंक्चर काढण्यात जन्म गेला. लिहिण्यात काही चुकलं तर चालवून घ्या.

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. माणूस गेलं की त्या घरात वर्षभर सण नसतो. पहिल्या सणाला घरात गोड करत नाहीत, शेजारी आणून देतात. त्यातला घास खाल्ला की तोंड गोड झालं म्हणायचं, मग माणूस हळूहळू जगरहाटीला लागतो. तो घास खाईपर्यंत गोडाला शिवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. चहासुद्धा बिनसाखरेचा.

गजू राहतो त्या गावाचं नाव कॅरी. गाव म्हणायचं, पण पायी कुठे जाता येत नाही. दुकान, दवाखाना, देऊळ, सगळीकडे ड्राइव्ह करून जायचं आणि मला फक्त सायकल येते. सकाळी गजू आणि सूनबाई पल्लवी ऑफिसला निघतात, दोन वर्षांची नात इरा डेकेअरला जाते. मग दिवसभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. उमरेडला दुकानात बसलो की येणारा-जाणारा हाक मारून जायचा, काय म्हणता भाऊ, जेवले का. इथे दारावरची बेल वाजते ती खोका ठेवून जाणाऱ्याची. मी गुडघे धरून उठून दार उघडेपर्यंत तो गेलेला असतो.

गजूची आई असती तर तिने हातवारे करून का होईना चार घरं जोडली असती. मला ते जमत नाही. माणसं तिनेच जोडायची आणि मी मागे उभं राहायचं, असंच चाललं आयुष्यभर.

पोळा आला, गेला. गणपती आले. गजूच्या ओळखीच्यांनी फोन केले, काका एकटे असतात, आम्ही येऊ का प्रसाद घेऊन. गजू म्हणाला, या वर्षी नको. फोन करून विचारणाऱ्याला नको म्हणता येतं. कमलाबाई विचारत नाही, सरळ चुलीपाशी येऊन डबा ठेवते. तर डबा काही आला नाही. दसराही कोरडाच गेला.

मग ऑक्टोबर संपत आला आणि लोकांनी अंगणात हाडांचे सापळे टांगले. समोरच्या घराने तर हिरवळीवर थर्माकोलच्या कबरी उभ्या केल्या, त्यांच्यावर पांढरं जाळं ओढलं. हॅलोविन म्हणतात. पोरं सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि लोक गोळ्या-चॉकलेटं देतात. ज्याच्या घरचं माणूस खरोखर गेलं आहे त्याने हे रोज खिडकीतून बघायचं. मी खिडकीकडे पाठ करून बसू लागलो.

एका संध्याकाळी पल्लवी पुण्याला आईशी फोनवर बोलत होती. मी जिन्यात होतो. ती म्हणत होती, "अगं, शुक्रवारी डेकेअरमध्ये सगळी मुलं कॉस्च्युम घालून येणार आहेत. इराला मी घरीच ठेवणार. बाबांनी सण नाही असं सांगितलंय ना. हिच्या बर्थडेलासुद्धा केक कॅन्सल केला, आता हे कुठे करू."

मी तिथेच कठडा धरून उभा राहिलो. इराचा वाढदिवस इकडच्या उन्हाळ्यात, मी आल्यावर झाला. त्या दिवशी पल्लवीने साधा वरणभात केला होता आणि मला वाटलं होतं, पोरगी दमली असेल ऑफिसात. मी सण नाही म्हणालो ते पोळा-दिवाळीचं. दोन वर्षांच्या लेकराचं सगळं बंद करा असं मी कधी म्हणालो? पण कोणी विचारलं नाही, आणि मला कोणी काही विचारावं असं तोंड घेऊन मी घरात फिरतही नव्हतो.

जेवताना मी म्हटलं, पोरीला सजवा. गजू म्हणाला, "बाबा, आईचं वर्ष आहे."

"वर्ष माझं आहे. लेकराच्या अंगावर कायले टाकता?"

पल्लवीने ताटातला भात नुसता चिवडला. मग गजू उठला आणि आम्हा सगळ्यांना गाडीत घालून दुकानात घेऊन गेला. तिथे लोकांनी सगळं आधीच उचलून नेलं होतं. उरले होते ते मोठ्या माणसांचे मुखवटे आणि भोपळ्याचं एक फाटकं सोंग. पल्लवी म्हणाली, जाऊ दे, नाही तर नाही. तिच्या आवाजातलं ते जाऊ दे मला सहन होईना. मी म्हटलं, गराजमध्ये खोके पडलेत, त्यांचा बैल करू. तान्ह्या पोळ्याला नव्हतो का करत?

पल्लवी पुण्याची, तिला तान्हा पोळा माहीत नाही. इकडच्या आणखी कित्येकांना नसेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. चाकं लावलेला लाकडी बैल सजवायचा, आपणही सोंग घ्यायचं आणि दोरी ओढत घरोघर जायचं. लोक खाऊ देतात, पैसे देतात, त्याला बोजारा म्हणतात. गजूचा बैल त्याची आई सजवायची. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात माळ. गल्लीतल्या पोरांचे बैलही तिच्याच ओट्यावर यायचे. निघायच्या आधी ती पुरणपोळीचा तुकडा लाकडी बैलाच्या तोंडाला लावायची आणि पोरांचे पुढे आलेले हात मागे सारायची. म्हणायची, "आधी बैलाले. मंग तुम्ही."

तो बैल आता कमलाबाईच्या फळीवर आहे. निघताना गजूने बॅग वजनकाट्याला टांगली आणि मान हलवली, म्हणून राहिला.

मी डायपरचा खोका घेऊन गराजमध्ये बसलो. इराला घालता यावा म्हणून वर-खाली भोकं पाडली. पेपर टॉवेलच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांची शिंगं केली आणि पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद त्यांना लावला. शिंगं उभी राहीनात. चिकटपट्टी लावली तर एक कान पाडल्यासारखं खाली आणि दुसरं भलतीकडे. ट्यूब बदलायला सांगा, चेन बसवायला सांगा, हात आपसूक चालतात. पण हे काम तिचं. ती करताना मी इतकी वर्षं ओट्यावर बसून नुसता चहा प्यायलो, शिंग कसं बसवते ते एकदाही पाहिलं नाही. तिचं एक लुगडं माझ्या बॅगेत आहे. झुलीसाठी ते कापायचं मनात आलं, पण कात्री घेतलीच नाही. पल्लवीने तिची जुनी ओढणी दिली. गळ्यात घंटा हवी म्हणून मी खिशातल्या चाव्या पायजम्याच्या नाडीत ओवल्या. नाडी लांब होती, तिचाच कासरा झाला.

इरा सगळा वेळ खोक्याभोवती फिरत होती. मी तिला सांगत होतो, हा हम्मा आहे, तुझी आजी याला आधी घास द्यायची. ती म्हणायची, "आजी नो." फोटोतल्या आजीला ती ओळखते. आजी घरात नाही, एवढंच तिला सांगायचं असतं. मी म्हणायचो, हो बाई, नो.

शुक्रवारी सकाळी खोका तिच्या अंगात घातला तर तिने घर डोक्यावर घेतलं. शिंगं उपटली. हातपाय आपटले. पल्लवी समजावून थकली, गजूने मोबाइलवर गाणं लावलं. शेवटी ती झोपायच्या कपड्यांतच डेकेअरला गेली आणि मी मोडक्या शिंगांपाशी बसून राहिलो. एवढं साधं काम, तेही आपल्याच्याने होईना. गजूची आई असती तर पोरीने हसत घातला असता, हेच डोक्यात घोळत राहिलं.

संध्याकाळी गल्लीत पोरांचे आवाज सुरू झाले. इराने खोका ओढत आणला आणि माझ्या गुडघ्यावर आपटला. "आबा हम्मा."

मी म्हटलं, मी नाही, तू. तिने मान हलवली. तिला बैल व्हायचंच नव्हतं, तिला बैल ओढायचा होता. तिचं बरोबर होतं. तान्ह्या पोळ्याला पोरगं कुठे बैल होतं? हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

गजू म्हणाला, बाबा, राहू द्या, लोक हसतील. पल्लवीने आपला केसांचा पट्टा काढला, शिंगं त्याला बांधली आणि माझ्या डोक्यावर चढवली. ती नीट उभी राहिली. खोका फाडून माझ्या खांद्यांवर टाकला, वरून ओढणी. नाडी माझ्या गळ्यात आणि टोक इराच्या मुठीत. पल्लवीने काजळाचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं आणि तोंड फिरवलं.

अशी आमची वरात निघाली. इरा पुढे, मी मागे वाकून, गजू आणि पल्लवी बाजूने, चाव्या वाजताहेत. जो तो दारात येऊन म्हणतो, काऊ, काऊ. मी म्हणालो, बुल. कोणी ऐकलं नाही. गजू म्हणाला, बाबा, असू द्या ना. मी गाय तर गाय. आणखी काही सांगायला माझ्याकडे इंग्रजी कुठे आहे.

इराने मला नेमकं त्या कबरींच्या घराकडे ओढलं. मी पाय रोवले, ती जोर करू लागली. लेकराच्या हातात कासरा असला की बैलाचं काय चालतं? दारात काळा मुखवटा घातलेला माणूस होता. इरा माझ्या पायामागे लपली. त्याने लगेच मुखवटा काढला, आत एक साधा, टक्कल पडलेला माणूस निघाला. तो पायरीवर बसला आणि वाडगं पुढे केलं. इराने बऱ्याच वेळाने एक गोळी उचलली. आईकडून कागद काढून घेतला. आता तोंडात घालेल म्हणून मी बघतो आहे, तर ती माझ्याकडे वळली आणि हात वर केला.

"आधी हम्मा."

गजू पुढे झाला. त्याला माहीत होतं मी गोड खात नाही. तो इराला सांगू लागला, आबा नाही खात, दे मला. मी त्याला हाताने थांबवलं. गुडघे दुखत होते तरी त्या थर्माकोलच्या कबरींत खाली बसलो आणि तोंड उघडलं. गोळी चिकट होती, कवळीला लागून बसली. इराने मग दुसरी उचलली आणि स्वतः खाल्ली.

समोरच्याच्या त्या कबरी मला अजूनही आवडत नाहीत. घरी चैन पडत नाही ते नाहीच. माझं घर कुठलं म्हणून विचाराल तर सांगता येत नाही. उमरेडचं बंद आहे, इथलं गजूचं आहे, आणि जिच्यामुळे घर होतं ती दोन्हीकडे नाही.

दुसऱ्या दिवशी कमलाबाईला फोन लावला. म्हटलं, पहिल्या सणाचा डबा पोचला. तिने एवढंच विचारलं, "कोणं दिला?"

म्हटलं, समोरच्याने. इराने भरवला.

"मंग झालं, भाऊजी," ती म्हणाली आणि नाक ओढलं.

शिंगं चुरगळली, खोका कचऱ्याच्या गाडीत गेला. चाव्या मात्र अजून नाडीतच आहेत. मी दोनदा सोडवायला गेलो, इरा सोडू देत नाही. जेवायची वेळ झाली की ती नाडी माझ्या गळ्यात टाकते आणि ओढत ओढत ताटापर्यंत नेते.